शिल्लक लोकर, टोपी आणि मोजा : प्रस्तावना

विणकामाची बहुतेक पुस्तके नमुन्यापासून सुरू होतात. आधी चित्र येते, त्याखाली टाक्यांची संख्या येते, मग सुयांचा क्रमांक आणि अमुक रंगाची अमुक ग्रॅम लोकर असा शिधा सांगितला जातो, आणि वाचकाने तो बाजारातून आणून सांगितल्याबरहुकूम विणावे अशी अपेक्षा असते. शिल्लक लोकरीच्या विणकामात हा क्रम उलटतो. तेथे हाती असलेला गुंडा आधी येतो. त्याचे वजन, त्याचे पदर, त्याचा रंग आणि त्याचे पूर्वायुष्य पाहून मगच त्यातून काय होऊ शकेल हे ठरवावे लागते. म्हणून या विणकामाला घरगुती काटकसरीचा एक प्रकार एवढेच मानणे अपुरे आहे. त्याचे स्वतःचे गणित आहे, स्वतःच्या चुका आहेत आणि काही अंशी स्वतःची अभिरुचीही आहे, जिची नोंद आजवर फारशी कोणी घेतलेली नाही.

शिल्लक लोकर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. स्वेटर पूर्ण झाल्यावर पिशवीत राहिलेला अर्धामुर्धा गुंडा ही तिची ओळखीची जात. जुना, आखूड झालेला किंवा कोपरावर विरलेला स्वेटर उसवून मिळालेली लोकर ही दुसरी जात, आणि पूर्वीच्या घरांत तिचे प्रमाण पहिलीपेक्षा कमी नसे. तिसरी जात सहसा विचारात घेतली जात नाही, ती म्हणजे मागावरून वस्त्र उतरवताना मागे राहणारे ताण्याचे तुकडे. सातारा-सांगली भागाचा विचार करताना ही तिसरी जातच अधिक महत्त्वाची ठरते.

या तिन्ही प्रकारांतून टोपी आणि मोजा याच दोन वस्तू पुन्हा पुन्हा का विणल्या जातात, याचे कारण मापात आहे. तान्ह्या मुलाचे टोपडे साधारण 20 ते 25 ग्रॅम लोकरीत होते, त्याच्या मोज्यांची जोडी त्याहूनही कमी लोकरीत होते आणि मोठ्या माणसाची साधी टोपी 60 ते 80 ग्रॅममध्ये बसते. उलट मोठ्यांच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्ध्या किलोच्या आसपास लोकर लागते आणि ती सगळी एकाच रंगखेपेची असावी लागते. टोपीचा काठ, घेर आणि शेंडा, तसेच मोज्याची वरची पट्टी, नळी, टाच आणि बोटांकडचा भाग हे मुळातच वेगवेगळे तुकडे असल्यामुळे तेथे रंग बदलला तरी तो बदल नाइलाजाने केल्यासारखा दिसत नाही. नाताळच्या मोज्याची टाच आणि बोटांकडचा भाग वेगळ्या रंगाचा असतो, त्यामागेही याहून गूढ कारण शोधण्याची गरज नाही.

प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी खंडाळा आहे, आणि येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर बोरघाट उभा राहतो. येथे अभिप्रेत असलेले खंडाळा सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे: उत्तरेला नीरा नदी, दक्षिणेला खंबाटकीचा घाट, महामार्गावर शिरवळ आणि पुणे-मिरज लोहमार्गावर लोणंद. तालुक्याच्या पूर्वेला फलटण, त्यापुढे माण-खटाव आणि आणखी पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी असा कमी पावसाचा सलग पट्टा आहे, आणि हा पट्टा मेंढपाळांचा आहे. लोणंदच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांचे व्यवहार होतात, म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत घोंगड्या विकल्या जातात, आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन घाट उतरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणारे धनगर ही या भूभागाची शतकानुशतकांची ओळख आहे.

मेंढ्यांच्या या मुलुखातील स्त्रियांनी सुयांवर जी लोकर विणली, ती मात्र जवळजवळ कधीच या मेंढ्यांची नव्हती. ही विसंगती समजून घेण्यासाठी दख्खनी मेंढीच्या लोकरीचा स्वभाव पाहावा लागतो. ही लोकर बहुधा काळी किंवा करडी असते, वर्षातून दोनदा कातरली जाते आणि एका मेंढीमागे वर्षाला साधारण अर्धा किलोच्या आसपास मिळते. तिच्यात मऊ तंतूंबरोबर राठ, पोकळ गाभ्याचे केस मिसळलेले असतात. मेरिनो मेंढीचा तंतू सामान्यतः 24 मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, म्हणूनच तो गळ्याला आणि कानाला टोचत नाही. दख्खनी तंतू त्याहून कितीतरी जाड असतो, आणि तान्ह्याच्या कानांवर त्याची टोपी घालणे ही शिक्षाच ठरेल. घोंगडीसाठी मात्र हाच राठपणा गुण ठरतो. चरख्यावर कातलेले सूत ताण्यावर चढवायचे, त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि खड्डामागावर विणायचे, ही सणगर आणि खुटेकर धनगर विणकरांची पद्धत होय. अशा रीतीने तयार झालेले वस्त्र पावसात खोळ करून डोक्यावर घेतले की पाणी सहजी आत येऊ देत नाही. घोंगडीची खोळ हीच या प्रदेशाची लोकरीची मूळ टोपी होती, असे म्हणण्यास हरकत नाही. फरक इतकाच की ती विणून आकाराला आणलेली नव्हती, घडी घालून आकाराला आणलेली होती.

या लोकरीला आज बाजारात जवळजवळ किंमत उरलेली नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते आणि कातरलेली लोकर अनेकदा रानातच टाकून दिली जाते. मेंढीपालनाचे उत्पन्न आता कोकरांवर, म्हणजे मांसावर, अवलंबून आहे. खंडाळ्याला लागून असलेल्या फलटणमध्ये 1968 साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोल जातीचा जुळ्या कोकरांना कारणीभूत असणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली, त्यामागचा हिशेबही हाच होता. मेंढपाळाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण त्यामुळे या पट्ट्यात शिल्लक लोकर या शब्दांचा अर्थ फार विस्तारतो: येथे केवळ विणून उरलेली लोकर शिल्लक नाही, कातरलेली जवळजवळ सगळीच लोकर शिल्लक आहे.

सुयांवरचे विणकाम या भागात बाहेरून आले. जगाच्या इतिहासातही ते फार जुने नाही. इजिप्तमध्ये सापडलेले अकराव्या-बाराव्या शतकांच्या आसपासचे सुती मोजे हे त्याच्या सर्वांत जुन्या अवशेषांपैकी मानले जातात, आणि 1589 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले तेव्हा मोजा हीच यंत्रावर विणली गेलेली पहिली महत्त्वाची वस्तू ठरली. एकाच आकड्याच्या सुईने करायचे क्रोशाचे काम त्याहून अलीकडचे, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात त्या कामाने असंख्य कुटुंबांना दोन पैसे मिळवून दिले, आणि मिशनरी स्त्रियांच्या हातून ते आंध्रातील नरसापूरपर्यंत पोहोचले, जेथे त्याचा घरगुती उद्योग उभा राहिला.

महाराष्ट्रात हे ज्ञान मुलींच्या शाळांतून पसरले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले. त्या काळच्या मिशन शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकामाला तास असे. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे 3 जानेवारी 1831 रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण फरारबाईंच्याच संस्थेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंचे कार्य अक्षरओळखीचे आणि त्याहून मोठे आहे, त्याला विणकामाच्या इतिहासात ओढून आणण्याचे कारण नाही. तरीही ज्या शाळांनी मुलींच्या हाती पाटी दिली त्यांनीच बहुधा सुयाही दिल्या, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे, कारण पुढे शंभर वर्षे विणकाम हे शिकलेल्या बाईचे लक्षण मानले गेले आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या वाट्याला ते उशिरा आले.

विसाव्या शतकात या कलेला मराठी घराने आपलेसे केले ते बाळंतविड्याच्या निमित्ताने. बारशाला बाळासाठी न्यायच्या कपड्यांच्या आहेराला बाळंतविडा म्हणतात. त्यात पूर्वी झबले, दुपटे, खणाची किंवा रेशमाची कुंची असे, त्यात लोकरीचा स्वेटर, टोपडे आणि मोजे हा संच येऊन बसला आणि तो संच आत्याने, मावशीने किंवा आजीने हाताने विणलेला असावा असा संकेत रूढ झाला. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि मध्यमवर्गीय स्त्रीवाचकांचा एक मोठा वर्ग तयार झाला. पुढील काही दशकांत स्त्रियांसाठीच्या मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून विणकामाचे नमुने छापण्याची प्रथा पडली, आणि त्या नमुन्यांनी आपली परिभाषाही घडवली: टाके घालणे आणि टाके बंद करणे, सुलट आणि उलट टाका, ओळीऐवजी ‘सुई’, म्हणजे एक सुई सुलट आणि एक सुई उलट, क्रोशात साखळी, मुका खांब आणि खांब. ही परिभाषा इतकी नेमकी आहे की तिला परक्या शब्दांची गरज नाही, आणि प्रस्तुत पुस्तकात तीच वापरली आहे.

लोकर येत असे ती उत्तरेतून, प्रथम कानपूर आणि धारीवालच्या गिरण्यांतून आणि पुढे प्रामुख्याने लुधियानातून. 1970 नंतर अ‍ॅक्रिलिक धागा सर्वत्र झाला. गृहिणी त्याला कॅशमिलॉन म्हणत आणि दुकानदार लोकर म्हणत. मेंढीशी त्याचा काहीही संबंध नाही, तो खनिज तेलापासून होतो. आज घराघरांतल्या पिशव्यांत जी ‘लोकर’ उरलेली आहे, तिच्यातील बहुतांश हीच आहे.

टोपी आणि मोज्याचा या जिल्ह्यांतील दुसरा ग्राहक सैनिक होता. सातारा-सांगलीतील गावोगावची मुले पिढ्यान्‌पिढ्या लष्करात गेली, आणि 1962 च्या चीन युद्धात हिमालयातील थंडीची वार्ता आली तेव्हा देशभरातील स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे आणि कानटोप्या विणून पाठवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या संरक्षणमंत्रिपदाची जबाबदारी कराडच्या यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आली, त्यामुळे या मुलुखात त्या युद्धाला घरच्या कार्याचे रूप आले असल्यास नवल नाही. डोके, कान आणि गळा झाकून फक्त चेहरा उघडा ठेवणारी जी टोपी मराठीत माकडटोपी म्हणून ओळखली जाते, तीही मूळची युद्धातलीच. क्रिमियाच्या युद्धात, 1854 च्या हिवाळ्यात, ब्रिटिश सैनिकांसाठी घरून विणून गेलेल्या टोप्यांशी तिचे नाते सांगितले जाते. आज ती पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांच्या डोक्यावर दिसते, आणि तिची थट्टा करणाऱ्यांनी खंबाटकीच्या पायथ्याशी पौषातली एक पहाट काढून पाहावी.

नाताळचा मोजा हा या यादीतील सर्वांत नवा पाहुणा. भेटवस्तूंसाठी मोजा टांगण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रुळलेली होती. 1823 मध्ये ट्रॉय येथील वृत्तपत्रात छापलेल्या नाताळच्या प्रसिद्ध कवितेत तिचा उल्लेख आहे. मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळ मात्र प्रामुख्याने उपासना, चांदणीचा कंदील आणि करंज्यांचा फराळ यांचा असतो, मोज्याचा नव्हे. घाटापलीकडे, वाईच्या वर, पाचगणीत किमिन्स, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आणि सेंट पीटर्स यांसारख्या निवासी शाळा उभ्या राहिल्या आणि इंग्रजी रिवाजांची ओळख जिल्ह्याला बव्हंशी त्या वाटेने झाली. अलीकडे शहरांतील दुकानांनी आणि बालवाड्यांनी तो मोजा धर्माची सीमा ओलांडून सर्वत्र नेला आहे. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. विणणारीच्या दृष्टीने तो एक उत्तम नमुना आहे, कारण त्यात मोज्याचे सगळे भाग मोठ्या आकारात करायला मिळतात आणि तो कोणाच्याच पायात बसावा लागत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे शिल्लक लोकर हाताळण्याच्या रीतीकडे. पहिले काम ओळख पटवण्याचे. वेष्टन हरवलेल्या धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे शेजारी ठेवून जाळून पाहिला, तर खरी लोकर हळू जळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि मागे कडक काळा मणी राहतो. ही परीक्षा टाळून दोन्ही धागे एका टोपीत मिसळले की पहिल्याच गरम धुण्यात दोष उघडा पडतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, गरम पाण्यात चोळल्यावर ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होते. अ‍ॅक्रिलिकला खवले नसल्याने ते आहे तेवढेच राहते, आणि टोपीला पट्ट्यापट्ट्यांनी चुण्या पडतात. उलट अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर त्याची उभारी कायमची जाते.

दुसरे काम वजनाचे. स्वयंपाकघरातील लहान इलेक्ट्रॉनिक काटा हे या विणकामाचे सुयांच्या खालोखाल महत्त्वाचे साधन आहे. मोज्यांची जोडी विणायची असेल तर आरंभीच गुंड्याचे वजन करून त्याचे दोन समान भाग करावेत. एक मोजा पूर्ण झाल्यावर दुसऱ्याला लोकर अपुरी पडते हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य अपघात आहे आणि तो केवळ आळसामुळे घडतो. साध्या विणीच्या एका सुईला कामाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायला त्याहून थोडा अधिक. त्यामुळे उरलेला धागा रुंदीच्या चौपट असतानाच थांबून टाके बंद करायचे की रंग बदलायचा, हे ठरवले पाहिजे. धाग्याची जाडी जुळत नसेल तर बारीक धागा दुहेरी घ्यावा, आणि दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा आधी विणून ताण, म्हणजे ठरावीक लांबीत किती टाके बसतात ते, मोजून पाहावे. चार पदरी लोकरीला 10 क्रमांकाच्या, सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या, सुया सामान्यतः चालतात, पण प्रत्येक हाताचा ताण वेगळा असल्याने हा नियम नव्हे, अंदाज आहे.

उसवलेल्या लोकरीला आधीच्या टाक्यांची वळणे राहिलेली असतात. तशीच ती विणली तर वीण खडबडीत येते, म्हणून तिच्या लड्या करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून आणि खाली थोडे वजन लावून सावलीत टांगणे आवश्यक असते. लाल आणि गडद निळे रंग पांढऱ्याशेजारी वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून तपासावेत.

सुया की क्रोशा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. क्रोशात त्याच आकाराला साधारण चतुर्थांश ते तृतीयांश अधिक लोकर लागते, आणि तुटपुंज्या गुंड्यांच्या बाबतीत हा तोटा लहान नाही. परंतु क्रोशात कोणत्याही क्षणी एकच टाका उघडा असतो, त्यामुळे लोकर संपली तेथे थांबता येते, रंग कोठेही बदलता येतो आणि लहान चौकोन करून पुढे जोडता येतात. वाकळ शिवणाऱ्या हाताला ही पद्धत लगेच समजते, कारण जुन्या लुगड्यांचे तुकडे वाकळीत मांडताना जो गडद-फिक्याचा विचार होतो तोच येथे करावा लागतो. प्रस्तुत विवेचनाचा कौल असा की दोन मीटरपेक्षा आखूड तुकड्यांसाठी क्रोशा आणि त्याहून लांब धाग्यांसाठी सुया वापराव्यात. मोज्याची टाच मात्र सुयांवरच नीट वळते.

प्रत्येक उरलेला धागा वापरलाच पाहिजे, हा आग्रह मात्र योग्य नाही. पुनर्वापराच्या उत्साहात विजोड, टोचऱ्या आणि गाठींनी भरलेल्या टोप्या केल्या जातात आणि त्या कोणी घालत नाही, तेव्हा केवळ कचऱ्याचे रूप बदललेले असते. तान्ह्यांच्या बाबतीत तर अधिक काटेकोरपणा हवा. नवजात बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे त्या वाटे उष्णता झपाट्याने जाते. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी लावून ठेवण्याच्या उपचारपद्धतीत टोपी आणि मोजे आवश्यक मानले जातात, ते यामुळेच. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही बाळाला उबदार ठेवणे हा महत्त्वाचा भाग होता. अशा टोपीला गोंडा, सैल गुंडी किंवा गळ्याभोवती आवळू शकेल असा लांब बंद नसावा, आतल्या बाजूला धाग्याची सुटी टोके राहू नयेत, कारण मोज्यातील सैल धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो, आणि केसाळ धागा तर मुळीच वापरू नये.

शेवटी दख्खनी लोकरीविषयी. ती अंगाला टोचते म्हणून विणकामातून बाद ठरली, हे वर आलेच आहे. पण नाताळचा टांगायचा मोजा अंगाला लागतच नाही. त्याला आकार धरून ठेवणारी, भाराने न ताणणारी, जाड लोकर हवी असते, आणि घोंगडीच्या मागावर उरलेले ताण्याचे तुकडे नेमके तसेच असतात. त्यांचा काळा आणि करडा रंग कोणत्याही रासायनिक प्रक्रियेविना मिळतो. काठापुरती उरलेली लाल किंवा पांढरी लोकर जोडली की मोजा पूर्ण होतो. दोन अडचणी आहेत आणि दोन्ही सुटण्याजोग्या आहेत. ताण्याला चिंचोक्याची खळ असते, ती कोमट पाण्यात भिजवून काढावी लागते, नाहीतर सुई टाक्यातून सरकत नाही. घोंगडीचे सूत एकपदरी असते, त्यामुळे नुसतेच विणले तर काम एका बाजूला तिरके जाते. दोन धागे एकत्र घेऊन मूळ पिळाच्या उलट दिशेने टकळीवर पीळ दिला तर हा दोष जातो. लोणंद, फलटण, म्हसवड आणि आटपाडी परिसरात ज्यांच्या घरी अजून माग चालू आहे, त्यांनी ताण्याचे तुकडे फेकून न देता वीतभर लांबीपासून पुढचे सगळे जपून ठेवावेत, आणि विणणाऱ्यांनी ते फुकट न मागता वजनावर विकत घ्यावेत.